रिव्हर्स नसलेलं घर

राहतं घर विकून मी मॅटॅडोर घेतली, आणि तिला रिव्हर्स नव्हता.

हे कळलं ते घर विकल्यावर, गाडीत संसार भरल्यावर आणि बायको-पोरीला घेऊन पहिल्याच गावातल्या एका बंद गल्लीत शिरल्यावर. विकणाऱ्याने गाडी बाजाराच्या मैदानात दाखवली होती. गोल फिरवून. हॉर्न वाजवत, एका हाताने, दुसरा हात खिडकीबाहेर. एखाद्या शहाण्याला प्रश्न पडला असता, की हा गोल गोल का फिरतोय, जरा मागे घेऊन का दाखवत नाही. मला ते फिरणं मोठं डौलदार वाटलं. मी टाळी वाजवली.

"काहून वाजवली टाळी?" परत येताना बायकोने विचारलं.

"चांगली फिरली ना गाडी."

"फिरली तं. आता आपल्याले कशी फिरवते थे पाहा."

त्या बंद गल्लीतून गावकऱ्यांनी गाडी ढकलत बाहेर काढली. गाडी मागे ढकलायची म्हणजे पुढून ढकलावी लागते, त्यामुळे मला काचेतून एकूण एक चेहरा दिसत होता. आपल्यासाठी घाम गाळणारी माणसं आपल्याला किती शिव्या देतात हे असं समोरासमोर पाहायला मिळण्याचं भाग्य रिव्हर्स असलेल्यांच्या वाट्याला येत नाही. पुढे पुसदच्या एका मिस्त्रीला गाडी दाखवली. तो खाली शिरला, बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागते. गाडी पंधरा-वीस रोज अथीच राहीन. तुमी कोठी राहान?" घर दुरुस्तीला टाकायचं तर घरातल्यांनी कुठं जायचं, ही अडचण गाडीत राहणाऱ्यालाच कळते.

हा उद्योग मी का केला तेही सांगतो. मी जिनिंगमध्ये होतो. कापसातली सरकी वेगळी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या. आमच्या जिल्ह्यात त्या वर्षांत कापसाचं नाव काढलं की समोरचा माणूस बोलता बोलता गप्प होई. पीक यायचं नाही, आलं तर भाव यायचा नाही. मालकाने एक दिवस फाटकाला कुलूप घातलं, म्हणाला, पुढच्या हंगामाचं पाहू. हंगाम येत गेले, कुलूप गंजत गेलं. आम्ही राहायचो राजूरला, कोळशाच्या खाणीजवळ, टिनाच्या दोन खोल्यांत. आणि ही मॅटॅडोर म्हणजे गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याची. आत सरकी काढायचा लहानसा रेचा, रुई पिंजायची मशीन, दोन्ही चालवायला डिझेलचं इंजिन. कामाची कला मला येत होती, गाडी मला चालवता येत होती. पुढच्या दिशेने तरी येत होती. गावोगावचे आठवडी बाजार करायचे, गाडीतच राहायचं, असा बेत मी आखला.

"आजवर कोयशाची धूळ खाल्ली, आता कापसाची खाऊ," मी बायकोला म्हणालो. "पांढरी तरी आहे."

ती हसली. माझ्या विनोदांना ती हसायची, हाच तिचा एक मोठा दोष होता.

मग महागाव, ढाणकी, उमरखेड, आर्णी असा आमचा फेरा सुरू झाला. मशीनच्या मागे जी जागा उरली होती तेवढं आमचं घर. दिवसा तिथे गिऱ्हाइकांच्या रुईची गाठोडी, रात्री त्याच गाठोड्यांवर आम्ही तिघं. राजा झोपत नसेल अशा बिछान्यावर आम्ही झोपत होतो, फक्त तो सकाळी शिवून ज्याचा त्याला द्यावा लागायचा. पोरगी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. ज्या गावचा बाजार त्या गावच्या शाळेत ती मास्तरांना विचारून बसून यायची. आर्णीत तिला भागाकार अर्धा शिकवला आणि उरलेला ढाणकीत. ढाणकीच्या मास्तरांची रीत वेगळी होती, त्यामुळे तिचा भागाकार पुढेही दोन गावांत विभागलेलाच राहिला.

घराचे नियम बायकोने केले. पहिला नियम, आत विस्तव नाही. चूल नाही, दिवा नाही, उदबत्ती नाही. बिडी तर मी लग्नातच सोडली होती, ती पुन्हा सोडायला लावली. रुईत ठिणगी पडली तर आम्हाला बाहेर यायलाही वेळ मिळाला नसता. म्हणून चूल बाहेर, आणि पाऊस असला की चिवडा. दिवाळीला तिने पणत्या गाडीच्या बॉनेटवर मांडल्या. काचेच्या आत आम्ही तिघं पुढच्या सीटवर दाटीने बसलो आणि आपल्याच घराची दिवाळी बाहेर लागलेली आतून पाहत राहिलो. रस्त्याने जाणारा एक म्हातारा थांबला, पणत्यांना नमस्कार करून गेला. त्याला वाटलं कसलं तरी देऊळ आहे.

दुसरा नियम, तोंड बाहेर. कुठेही गाडी उभी करायची तर तोंड निघायच्या वाटेकडे. आणि कुठेही शिरण्याआधी पोरगी खाली उतरणार, पळत पुढे जाणार, वळायला जागा आहे का ते पाहून येणार. "हाव बाबा, वळते!" असं ती दुरून ओरडली की मी गाडी घालायचो. तिने मान हलवली की आम्ही पुढच्या गावाला. लोक विचारत, पोट्टी काहून पळून राह्यली? मी सांगायचो, आमच्या खानदानात मागं फिराची रीत नाही.

पहिलं वर्ष धंदा बरा झाला, आणि तो कशामुळे झाला हे सांगताना आजही जीभ अडखळते. भाव इतका पडला होता की लोक रागाने गाद्या भरून घेत. "या भावानं देण्यापरीस निजतो त्याच्यावर," असं म्हणून एकाने अख्खं गाठोडं माझ्यासमोर आपटलं होतं. काही घरांतून जुनी गादी उसवून पिंजायला यायची. बाई ती दारात ठेवायची आणि आत निघून जायची. गादी कोणाची होती, निजणारा कुठे गेला, हे आम्ही विचारत नसू.

दुसऱ्या वर्षी बायकोला दम लागायला लागला. आधी खोकला, मग छातीत घरघर, मग चार पायऱ्या चढून गाडीत आली की बसून राहायची, हात गुडघ्यावर ठेवून. उमरखेडच्या डॉक्टरने छातीला नळी लावली आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "ही कुठे राहते?"

मी बाहेर उभी असलेली गाडी दाखवली.

"हिला त्या रुईतून बाहेर काढा," डॉक्टर म्हणाला. "औषध मी देतो, तोंडात मारायचा पंप देतो. पण रुईत ठेवलं तर औषधाचा काही उपयोग नाही. बाहेर काढा, आणि लवकर काढा."

मी म्हटलं, एवढा हंगाम झाला की काढतो. महागावात खोली पाहून ठेवली होती. बायकोने खोलीत फक्त दार पाहिलं होतं. उघडून, लावून, पुन्हा उघडून.

"मले बाकी काही नोको," ती म्हणाली. "एक दार पाह्यजे. सकायी उठून उघडलं तं काल होतं तथीच उघडाव."

ती खोली लवकर मिळावी म्हणून मी जे डोकं चालवलं त्याला तोड नाही. कापूस खरेदी केंद्रावर त्या वर्षी बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, रांगा लागल्या होत्या. माणसं बैलांसकट रस्त्यावर राहत होती. ग्रेडर डागी, किडका माल कवडी म्हणून बाजूला काढायचा आणि तो परत न्यायची कोणाची इच्छा नसायची. मी हिशेब केला की कवडी कापूस म्हणजे माझ्या गाद्या. रांगेतच मशीन लावू, तिथेच भरू, लग्नसराईत विकू, आणि खोलीत राहायला जाऊ. कापसाच्या ढिगावर झोपलेल्या माणसांच्या गावात मी गाद्या भरायला निघालो होतो.

केंद्राच्या रस्त्याच्या तोंडाशी बायको म्हणाली, "थांबा. पोरीले उतरू द्या."

रस्ता अरुंद. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला तुरीचं शेत. समोर बंड्यांची रांग.

"अवो, ही रांग आहे," मी म्हणालो. "रांग पुढंच जाते. जगात ही एकच जागा अशी आहे का जथी रिव्हर्स लागत नाही!"

ती हसली. खोकलत हसली. मी गाडी घातली. पाठोपाठ एक बंडी येऊन लागली, मग दुसरी, मग ट्रॅक्टर, आणि संध्याकाळपर्यंत मागचं टोक दिसेनासं झालं. पुढे केंद्रात माल ठेवायला जागा नव्हती म्हणून मोजमाप बंद होतं. रांग पुढे जाते हे माझं म्हणणं रांगेला कोणी कळवलं नव्हतं.

आमच्या पाठीमागच्या बंडीवर एक बुढी होती. एकटी. बैलजोडी, बंडीभर कापूस आणि एक गोधडी. पहिल्याच दिवशी तिने आमच्या गाडीला पुढून मागून फेरी मारली.

"चारा काय खाते हे?"

"काहीच नाही, माय."

"शेन देते?"

"नाही."

"मागं सरकते?"

पोरगी म्हणाली, "नाही सरकत, आजी."

"मंग कायले पोसली रे?"

ते दिवस, खरं सांगायचं तर, आमच्या घराचे सगळ्यात चांगले दिवस होते. गाडी एका जागी उभी होती. बायकोचं दार सकाळी उघडलं की कालच्याच जागी उघडत होतं, समोर तेच तुरीचं शेत. तिच्या हे ध्यानात आलं तेव्हा तिने मला हाक मारून दाखवलं. बुढी आणि ती एका चुलीवर भाकरी करायच्या. पोरगी बुढीच्या बंडीवर, कापसात खड्डा करून त्यात झोपायची, नाक तेवढं बाहेर. रांगेतली माणसं दुपारी पत्ते खेळत. कोणी बैलांना पाणी दाखवायला नेताना शेजाऱ्याचेही बैल नेई, पण शेजाऱ्याला बंडीभर पुढे सरकू देत नसे. जागेवरून रोज कुठेतरी भांडण व्हायचं. एकदा तर काठ्या निघाल्या.

आणि मी मशीन चालवत होतो. लोक कवडी कापूस आणून देत, मी रेचा लावून सरकी काढी, रुई पिंजी. मला दोनच हात, म्हणून बायको मशीनच्या तोंडाशी बसून कापूस सरकवून देई. तोंडाला पदर बांधून. मी म्हणायचो, तू बाहेर बस. ती म्हणायची, बाहेर बसली तर खोली केव्हा घेता? दिवस मावळला की तिचे केस, भुवया पांढऱ्या होत. आपण दोघं बुढे झालो म्हणजे तू अशी दिसशील, असं मी तिला म्हटलं होतं.

एक दिवस सकाळी धुकं होतं. वारा नाही. रांगेत जागोजाग पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या झाडांच्या, शेकोट्या पेटलेल्या, त्यांचा धूर जमिनीलगत साचलेला. मी मशीन सुरू केली आणि थोड्या वेळाने पाहिलं तर कापूस सरकत नव्हता. ती मशीनच्या तोंडाशी वाकून बसली होती, तोंड उघडं, आणि आत काही जात नव्हतं. पंप दिला. पंपातून फुस्स असा आवाज आला. तो केव्हाच संपला होता. तिचे ओठ निळे पडत होते. मी इंजिन बंद केलं, तिला उचलून सीटवर बसवलं, आणि गाडी सुरू केली.

हो, सुरू केली. पहिला गिअर टाकला. पुढे बंडी, मागे बंडी, एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूच्या शेतात वळायचं तर आधी मागे यायला हवं, आणि मी क्लच न सोडता ॲक्सिलरेटर दाबत बसलो. गाडी जागेवर थरथरत होती. माणूस किती काळ असा वेडेपणा करू शकतो याला बहुधा मर्यादा नाही. पोरीने माझा हात धरून ओढला.

"बाबा, उतरा. बाबा, नाही निघत हे."

बुढी बंडीवरून उतरली होती. तिने खिडकीतून बायकोकडे एकदा पाहिलं आणि परत फिरली. मला वाटलं, गेली. तिने बंडीची एका बाजूची ताटी सोडली. कापूस रस्त्यावर ओतला. सगळा. इतके दिवस थंडीत ज्याच्यासाठी बसली होती तो कापूस मातीत, शेणात, ढीग होऊन पडला. तिने बैल जुंपले. मग मागच्या बंडीवाल्याकडे वळून ओरडली, "सरक मागं! बाई मरून राह्यली!"

शेतात उतरायला वळण घ्यायचं तर बंडी मागे सरकवावी लागणार होती. तिने बैलांच्या नाकापुढे हात धरला. "माग बापा, माग. माग रे." आणि ते बैल मागे सरकले. पावलापावलाने, मान खाली घालून, जूं मागे रेटत. तिच्या मागच्या माणसाने आपले बैल मागे घेतले, त्याच्या मागच्याने आपले, ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर. जागेसाठी काठ्या काढणारी माणसं एकमेकांना "सरक, सरक" म्हणत होती. सगळी रांग मागे गेली. रांग मागे जाते हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मागे न जाणारी वस्तू तिथे एकच होती.

बंडीत मी नवी भरलेली गादी टाकली, तिच्यावर बायकोला बसतं धरलं. तुरीच्या शेतातून बंडी धावली, तुरीची झाडं मोडत, शेतवाल्याने हाक मारली नाही. डांबरी रस्त्यावर एक जीप मिळाली. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात.

तिथे ती काही आठवडे होती. नाकाला नळी, बोलायला दम नाही, पण बोलायची.

"गाडी कशी काढली मंग?"

"नाही काढली. अजून रांगेतच आहे."

"मागं येतच नाही का कशानं?"

"ढकलली तं येते. वीस माणसं लागतात."

"मंग मले वीस नवरे कराचे होते," ती म्हणाली. थोड्या वेळाने, दम गोळा करून, "एक पुरला नाही."

हसायचं माझं काम होतं, ते मी केलं. पोरगी पलंगाच्या कडेला बसून तिच्या केसांतले रुईचे तंतू काढत होती. इतकी न्हाणं झाली तरी ते निघत होते. शेवटी बायको गेली तेव्हाही तिच्या कानामागे एक होता.

गाडी आणायला मी रांगेत परत गेलो, तर गाडी होती त्या जागेवर नाही. पुढे चालत गेलो. केंद्राच्या फाटकाशी, रांगेत पहिल्या नंबरवर माझी मॅटॅडोर उभी. मोजमाप सुरू झालं तशी रांग सरकली, आणि माझा नंबर जाऊ नये म्हणून लोकांनी ती ढकलत ढकलत तिथवर आणून ठेवली होती. बाई दवाखान्यात आहे, माणसाचा नंबर गेला नाही पाहिजे, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. फाटकावरच्या माणसाने गाडीत डोकावून पाहिलं.

"माल कोठी आहे?"

"माल नाही," मी म्हणालो.

"मंग इतके रोज रांगेत कायले होता?"

पोरीला मी मामाकडे ठेवलं. तिथे शाळा आहे, आणि दार आहे. गाडी विकायला काढली, पण आता घेणारे शहाणे झाले होते, आधी मागे घेऊन दाखवा म्हणत. म्हणून धंदा चालूच राहिला. मी गाडीबाहेर झोपायला लागलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगी आली तेव्हा आम्ही बुढीचं गाव शोधत गेलो. तिचा मातीत पडलेला कापूस रांगेतल्या लोकांनी गोळा करून पोत्यांत भरून दिला होता, पण ग्रेडरने तो सगळा कवडी ठरवला, आणि तो तिने परत घरी आणला होता, हे मला वाटेत एकाने सांगितलं. त्याच कापसाच्या गाद्या तिला फुकट भरून द्याव्यात असं माझ्या मनात होतं. मला देता येईल असं दुसरं काही नव्हतं. तिच्या गल्लीशी आलो तशी पोरगी न सांगता खाली उतरली, पळत आत गेली, पाहून आली. "हाव बाबा, वळते." मी गाडी आत नेली, वळवली, तोंड बाहेर करून उभी केली. नीट, रस्त्याच्या अगदी सरळ रेषेत.

बुढी ओट्यावर बसली होती. पोरीला तिने जवळ ओढलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आत जाऊन पाणी घे म्हणाली. मग गाडीकडे पाहिलं, बराच वेळ.

"माय कोठी आहे हिची?"

मी सांगितलं. आणखी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "माय, आता कुठंही गेलो तरी गाडीचं तोंड भायेरच ठेवतो पाहा."

"आता?" बुढी म्हणाली. "आता कायले ठेवतं? जिले न्याचं होतं थे तं गेली. बयताड कुठला."